सर्पदंशाचं ऑनलाइन मॉड्यूल: स्पेशालिस्टांनी काय ठेवलं आणि काय काढलं

हे प्रकरण कोकणातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजचं आहे. मी तिथे मेडिसिन शिकवते आणि मेडिकल एज्युकेशन युनिटचं कामही बघते, त्यामुळे हे मॉड्यूल पहिल्या मीटिंगपासून जवळून बघितलंय. विषय सर्पदंश. शिकणारे तीन प्रकारचे: इंटर्न, एमबीबीएसनंतर बाँडवर, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेत, पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) जाणारी मुलंमुली, आणि डीआरपीवर म्हणजे डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीवर तीन महिने जिल्ह्यात काम करणारे पीजी रेसिडेंट. शिकवणारे मेडिसिन, ॲनेस्थेशिया, पेडिॲट्रिक्स, सर्जरी आणि फॉरेन्सिकचे. ऑनलाइन मॉड्यूल बनवणारे खूप आहेत आता, पण बनवताना आत नेमकं काय घडतं हे फारसं कुणी लिहीत नाही म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सर्पदंशच का, तर आकडे बघा. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसं साप चावून गेली असा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. डब्ल्यूएचओनं २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं, केंद्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं, नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यांना पत्र गेलं की सर्पदंश नोटिफायेबल करा, म्हणजे प्रत्येक केस सरकारला कळवणं बंधनकारक. हे सगळं चांगलंच आहे पण भातलावणीच्या दिवसांत रात्री दोन वाजता पेशंट ज्याच्यासमोर येतो तो बहुतेक वेळा चोवीस-पंचवीस वर्षांचा एकटा डॉक्टर असतो, सोबत एक सिस्टर आणि एक शिपाई, आणि कपाटात एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, व्हायल (छोट्या बाटल्या) असतात, बऱ्याच ठिकाणी पुरेशा असतात. अडतं ते ती व्हायल फोडण्यापाशी.

आमच्याकडे फोन यायचे ते बहुतेक एकाच वाक्याचे, "मॅम, स्नेकबाइट आहे, रेफर करू का?" एएसव्ही दिलं का विचारलं की पलीकडे शांतता. मग पेशंट १०८ मध्ये बसून घाटातून तास-दीड तास येणार, औषध मागेच कपाटात आणि विष अंगात. मी या मुलांना दोष देत नाही. यांना सर्पदंश कुणी शिकवलाय तर फॉरेन्सिकमध्ये विषारी-बिनविषारीचा तक्ता, मेडिसिनमध्ये एक लाँग क्वेश्चन, आणि इंटर्नशिपमध्ये कॉलेजला येणारा पेशंट, ज्याला बाहेरच एएसव्ही लागून गेलेलं असतं किंवा जो थेट आयसीयूत जातो. स्वतःच्या हातानं एकही व्हायल न विरघळवता मुलगा किंवा मुलगी पीएचसीचा चार्ज घेते.

पहिल्या मीटिंगला प्रत्येक जण आपापला अख्खा विषय घेऊन आला, आणि ते साहजिकच आहे. फॉरेन्सिकच्या सरांकडे विषातल्या एन्झाइमपासून मेडिकोलीगल नोंदीपर्यंत सगळं होतं, सर्जरीला फॅशिऑटॉमी, म्हणजे सुजलेल्या हातापायाला चिरा देऊन आतला दाब कमी करणं, हवी होती, ॲनेस्थेशियाला व्हेंटिलेटर सेटिंग, मेडिसिनला किडनी आणि डीआयसी म्हणजे रक्त गोठण्यातला गंभीर बिघाड, पेडिॲट्रिक्सला मुलांचा वेगळा भाग. सगळं घेतलं असतं तर उत्तम पाठ्यपुस्तक झालं असतं, आणि आमच्या कपाटात अशी पुस्तकं आधीच आहेत. एचओडी मॅडमनी तिथे एक काम केलं, पुढच्या मीटिंगला एका पीएचसीची एमओ (मेडिकल ऑफिसर), जी आमचीच जुनी विद्यार्थिनी, आणि तिथल्या सीनियर सिस्टर अशा दोघींना बोलावलं आणि आम्हा सगळ्यांना आधी ऐकून घ्यायला सांगितलं.

ती एमओ म्हणाली, "मॅडम, साप कुठला ते मला कळत नाही आणि नातेवाईकही धड सांगत नाहीत. मला एवढंच सांगा, आत्ता एएसव्ही द्यायचं की नाही द्यायचं, आणि दिल्यावर रिॲक्शन आली तर माझ्या ट्रेमध्ये जे आहे त्यात मी काय करू." सिस्टर त्यावर म्हणाल्या की डॉक्टरांचे हात थरथरतात ते सापाला घाबरून नाही, इंजेक्शनला घाबरून.

माझ्या मते मॉड्यूल खऱ्या अर्थानं तिथे ठरलं. यापुढे प्रत्येक स्लाइडला एकच प्रश्न, या दोन निर्णयांपैकी कुठल्या निर्णयाला ही मदत करते? न करणारी स्लाइड बाहेर. एन्झाइम गेले, खवल्यांवरून साप ओळखणं गेलं, व्हेंटिलेटर सेटिंग गेलं. सर्जरीच्या सरांनी स्वतःच्या अख्ख्या भागाचं एक वाक्य केलं, की पीएचसीत चिरा द्यायचा नाही, आणि वरच्या हॉस्पिटलातसुद्धा रक्ताची गोठण्याची क्षमता सुधारल्याशिवाय फॅशिऑटॉमीला हात लावायचा नाही. वीस वर्षं सर्जरी केलेल्या माणसानं आपला विषय एका वाक्यात बसवून दिला याचं मला आजही कौतुक वाटतं, कारण स्पेशालिस्टला बोलायला सांगणं सोपं असतं, काय सोडायचं ते मात्र तोच सांगू शकतो, दुसऱ्या कुणाला ते धाडस होणार नाही.

वाद झाला तो डोसवर. जुन्या-नव्या गाइडलाइन, वेगवेगळ्या कॉलेजांचे प्रोटोकॉल, कमी डोसवरचे अभ्यास, सगळं टेबलावर आलं आणि प्रत्येकाकडे आपल्या बाजूचा पेपर होता. शेवटी ठरलं की शिकणाऱ्याला एकच आकडा दिसेल, राष्ट्रीय गाइडलाइनप्रमाणे सुरुवातीला १० व्हायल, आणि वादाचा भाग पीजींच्या सेमिनारसाठी राखून ठेवायचा. रात्री दोन वाजता ज्याला निर्णय घ्यायचाय त्याच्या हातात दोन मतं देणं म्हणजे त्याला रेफर करायला लावणं. पेडिॲट्रिक्सच्या मॅडमनी मात्र एक गोष्ट अजिबात सोडली नाही, लहान मुलालाही तेवढ्याच व्हायल. आपल्याला प्रत्येक औषध किलोमागे मोजायची इतकी सवय लावलेली असते की दहा किलोचं मूल दिसलं की हात आपोआप तीन-चार व्हायलवर थांबतो. पण सापानं सोडलेलं विष मुलाचं वजन बघून कमी होत नाही, आणि एएसव्ही विषाला मारायला द्यायचंय. यावर एक वेगळा प्रसंग केला, आणि गरोदर बाईच्या बाबतीतही डोस तोच हे त्यातच घातलं.

टेस्ट ट्यूब

सगळ्यात जास्त वेळ गेला तो वीस मिनिटांच्या टेस्टवर. कागदावर ही टेस्ट अगदी साधी आहे: शिरेतलं दोनेक एमएल ताजं रक्त कोरड्या स्वच्छ काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये घ्यायचं, वीस मिनिटं हात न लावता ठेवायचं, मग एकदाच तिरकी करून बघायची, गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरशासारख्या सापाचं विष रक्तात काम करतंय असं समजून एएसव्ही सुरू करायचं. महागडं मशीन नको, लॅब नको. ॲनेस्थेशियाचे सर म्हणाले की यावर एक मिनिटाचं ॲनिमेशन पुरे. पण सिस्टर म्हणाल्या, आधी आमच्याकडे येऊन बघा.

आम्ही कॅमेरा घेऊन, म्हणजे मोबाइल, एक छोटा ट्रायपॉड आणि कॉलरला लावायचा माइक घेऊन पीएचसीत गेलो. पंखा बंद करून शूट करायचं कारण आवाज येतो, त्यामुळे सगळे घामानं भिजलेले. सिस्टरनी ड्रॉवर उघडला, त्यात प्लास्टिकच्या ट्यूब, आणि मागे चार-पाच काचेच्या, छान चकचकीत. विचारलं तर साबणाच्या पावडरीनं धुऊन वाळवलेल्या. आणि अडचण बरोबर इथेच आहे, काचेचा पृष्ठभाग रक्त गोठायला चालना देतो, प्लास्टिक तेवढी देत नाही आणि डिटर्जंटचा अंश राहिला तर निरोगी माणसाचं रक्तसुद्धा वेळेत गोठत नाही. म्हणजे टेस्ट "पॉझिटिव्ह" येणार, विनाकारण १० व्हायल जाणार, आणि ती व्हायल ज्याला हवी होती त्याला कमी पडणार. कुठलंही ॲनिमेशन त्या ड्रॉवरपर्यंत पोचलं नसतं.

मग तो सीन तसाच ठेवला, ड्रॉवर उघडण्यापासून. सिस्टरचेच हात आहेत व्हिडिओत. नवी काचेची ट्यूब घेतात, पेशंटचं रक्त एका ट्यूबमध्ये आणि शेजारी दुसऱ्या ट्यूबमध्ये सोबत आलेल्या निरोगी माणसाचं, कंट्रोल म्हणून. कंट्रोल गोठला आणि पेशंटचं पातळ राहिलं तर टेस्टवर विश्वास ठेवा, दोन्ही पातळ राहिलं तर ट्यूबवर संशय घ्या. त्यानंतर मॉड्यूलमध्ये घड्याळ चालू होतं आणि "ट्यूब हलवून बघा" असं बटण मुद्दाम आठव्या मिनिटाला दिसतं. खूप जण दाबतात. दाबलं की टेस्ट वाया, नवीन ट्यूब, परत वीस मिनिटं, आणि तोवर पेशंटच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलेलं असतं. पहिली टेस्ट नॉर्मल आली म्हणून घरी पाठवायचं नाही, ती पुन्हा पुन्हा करायची, हे पुढच्या प्रसंगात येतं.

व्हायल विरघळवणंही असंच. एएसव्हीची पावडर असते, १० एमएल डिस्टिल्ड वॉटर घालायचं आणि हलक्या हातानं गोल फिरवायची. घाईत जोरजोरात हलवली की फेस होतो आणि तो फेस बसेपर्यंत बसून राहा. दहा व्हायल एकट्यानं करायला किती वेळ जातो हे करून बघितल्याशिवाय कळत नाही, म्हणून व्हिडिओत एमओ, सिस्टर आणि शिपाई तिघं मिळून करतात.

रिॲक्शनची भीती

एमओच्या दुसऱ्या प्रश्नाचा भाग ॲनेस्थेशियाच्या सरांनी केला आणि माझ्या मते तो सगळ्यात उपयोगाचा झालाय. त्यांनी स्लाइड केलीच नाही. टेबलावर पांढरा कागद, त्यावर गंभीर रिॲक्शन आवरणाऱ्या ॲड्रिनॅलिनचा अँप्यूल, लेबल कॅमेऱ्याला इतकं जवळ की "१ एमएल, १:१०००" वाचता येतं. यातलं अर्धं, म्हणजे ०.५ एमएल, म्हणजे ०.५ मिलिग्रॅम, मोठ्या माणसाला मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. एएसव्हीचा पहिला थेंब आत जायच्या आधी हे सिरिंजमध्ये भरून, लेबल लावून, पेशंटच्या उशाशी. बस. मुलांच्या डोक्यात ॲड्रिनॅलिन म्हणजे कार्डिॲक अरेस्ट आणि शिरेतून, त्यामुळे ते हातात घ्यायलाच बिचकतात, सरांनी ते सिरिंज भरणं तीन वेगवेगळ्या कोनांतून दाखवलंय आणि एक शब्दही जास्त बोललेले नाहीत.

पुढे प्रसंग असा की ड्रिप चालू आहे आणि पेशंट म्हणतो अंगाला खाज येतेय, मग खोकला, मग पोटात कळ. शिकणाऱ्यानं कधी थांबवायचं? इथे पर्याय चार आहेत आणि सगळ्यांत जास्त निवडला जाणारा पर्याय "ॲव्हिल आणि स्टेरॉइड देऊन वाट बघा" हा असतो, ॲव्हिल म्हणजे ॲलर्जीचं इंजेक्शन. बरोबर पर्याय ड्रिप थांबवून ॲड्रिनॅलिन, आणि पेशंट सावरला की ड्रिप परत हळू चालू करायची. ती परत चालू करायची असते हेच अनेकांना नवीन असतं, रिॲक्शन आली की एएसव्ही कायमचं बंद अशी समजूत असते. टेस्ट डोसही द्यायचा नाही, त्यावरून पुढची रिॲक्शन कळत नाही, हेही तिथेच सांगितलंय, कारण अजून सीनियर लोकसुद्धा सवयीनं टेस्ट डोस लिहितात.

मण्यारचा प्रसंग

पेडिॲट्रिक्सच्या मॅडमनी लिहिलेला हा प्रसंग पूर्णपणे रचलेला आहे, कुठल्या एका पेशंटचा नाही. पहाटे नऊ-दहा वर्षांची मुलगी, पोटात दुखतंय, दोन उलट्या. चावा कुठे दिसत नाही, सूज नाही. आई म्हणते रात्री बाहेर लग्नात जेवली होती. मॅडमची अट होती की शिकणारा जोवर "रात्री कुठे झोपली होती" हा प्रश्न निवडत नाही तोवर साप हा शब्द स्क्रीनवर येणार नाही. मॉड्यूलचं नावच सर्पदंश असताना याला काय अर्थ, असं एक जण म्हणाला, म्हणून मग हा प्रसंग वेगळा काढून "पोटदुखीची मुलगी" या नावानं दुसऱ्याच आठवड्यात पाठवायला लागलो. ते फार बरं झालं. निम्मा वर्ग अँटासिड देऊन घरी पाठवतो, आणि दोन तासांनी तीच मुलगी परत येते, पापण्या पडलेल्या, बोलणं जड.

मण्यार रात्री चावतो, जमिनीवर झोपलेल्याला चावतो, दात इतके बारीक की खूण सापडत नाही. त्याचं विष मज्जातंतूच्या टोकाला आतून इजा करतं त्यामुळे एएसव्ही दिलं तरी झालेली इजा लगेच भरत नाही, नागाच्या दंशात निओस्टिग्मीन या स्नायूंना बळ देणाऱ्या औषधाचा जसा फायदा दिसतो तसा इथे फारसा दिसत नाही, आणि मूल वाचतं ते श्वास चालू ठेवल्यामुळे. म्हणून प्रसंगाचा शेवटचा भाग ॲम्ब्यू बॅगचा, म्हणजे हातानं दाबून श्वास देण्याच्या पिशवीचा, आहे, ॲम्ब्युलन्समध्ये सोबत कोण बसणार, बॅग कोण दाबणार, ऑक्सिजन किती उरलाय. त्याआधी तपासणी शिकवलीय, वर बघायला सांग, मान उशीवरून उचलायला सांग, एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते दर थोड्या वेळानं लिहून ठेव.

पडलेल्या पापण्यांचा अभिनय कुणाला जमत नाही, खरा व्हिडिओ हवा होता. यावर आमचं ठाम मत होतं की व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या नातेवाईकांकडून अशी परवानगी मागायची नाही, त्या क्षणी ते कशालाही हो म्हणतील. एक प्रौढ पेशंट पूर्ण बरे झाल्यावर, त्यांच्याच केससाठी वॉर्डात काढलेली डोळ्यांची क्लिप वापरू का असं त्यांना विचारलं, मराठीत लिहिलेला फॉर्म वाचून दाखवला, फक्त लॉगिन असलेले विद्यार्थी बघतील आणि नको वाटलं तर कधीही काढून टाकू असं सांगितलं. त्यांनी हो म्हटलं. यूट्यूबवर ती क्लिप कधीच जाणार नाही.

अजून एक बारीक गोष्ट. एमबीबीएसला १५ टक्के आणि पीजीला ५० टक्के जागा ऑल इंडिया कोट्याच्या, त्यामुळे आमच्या रेसिडेंटमध्ये केरळ, राजस्थानची मुलं असतात. गावात कुणी सरळ साप म्हणत नाही, जनावर म्हणतात, पान लागलं म्हणतात, काहीतरी चावलं म्हणतात. म्हणून नातेवाईकांचे संवाद इथल्याच बोलीत ठेवले आणि खाली सबटायटल दिली.

तांत्रिक बाजू आणि निकाल

तंत्राबद्दल थोडक्यात. मूडल आणि एचफायव्हपी ही ऑनलाइन कोर्स बनवायची सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट. व्हिडिओ पाच-सहा मिनिटांच्या आतले, २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या प्लॅटफॉर्मच्या कोर्सेसवर झालेल्या अभ्यासात व्हिडिओ कितीही मोठा असला तरी लोक साधारण सहा मिनिटांपर्यंतच टिकतात असं दिसलं होतं आणि आमचा अनुभवही तोच. रेंज नसते म्हणून ॲपवर आधी डाउनलोड करून घ्यायची सोय. सर्टिफिकेट ऑनलाइन संपवलं म्हणून मिळत नाही, कॉलेजला येऊन तारीख उलटलेली, बाद केलेली एक व्हायल स्वतःच्या हातानं विरघळवून दाखवायची आणि सिरिंजमध्ये अर्धा एमएल भरून दाखवायचा. हे आल्यावर ग्रुपवर उत्तरं फिरवण्यात कुणाला फार रस उरला नाही.

मृत्यू कमी झाले असा दावा मी करणार नाही, तेवढी नोंद आणि तेवढा काळ दोन्ही नाहीत. फोन बदलले एवढं नक्की. मागच्या पावसाळ्यात बाँडवरच्या एका मुलीचा फोन आला, "मॅम, पेशंटचं क्लॉट झालं नाही, कंट्रोल झालाय, दहा व्हायल चालू केल्यात, ॲड्रिनॅलिन भरून ठेवलंय, पाठवताना अजून काय बघू?" लघवीचा रंग आणि प्रमाण चिठ्ठीत लिही म्हटलं, पुढची टेस्ट सहा तासांनी आम्ही करतो. पेशंट बरे होऊन घरी गेले. रेफर चिठ्ठ्यांवर आता चावल्याची वेळ, टेस्टची वेळ आणि एएसव्ही सुरू केल्याची वेळ अशा तीन वेळा दिसायला लागल्यात. साबणानं धुतलेल्या ट्यूब मात्र अजूनही सापडतात, कारण मॉड्यूल डॉक्टर बघतात आणि ट्यूब धुणारा माणूस वेगळा असतो. त्यासाठी दीड मिनिटाची मराठी क्लिप वेगळी काढून व्हॉट्सॲपवर सिस्टरांच्या आणि लॅबच्या ग्रुपला दिलीय.

बनवणाऱ्यांच्या बाजूनं सगळ्यात मोठी अडचण वेळेची. ओपीडी, वॉर्ड, परीक्षा सांभाळून संध्याकाळी हे काम, आणि प्रमोशनला मोजली जातात ती पब्लिकेशन. मध्येच दोघांची बदली झाली. तरी बदली झालेल्या सरांनी नव्या गावाहून आपला भाग पूर्ण करून पाठवला. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचं काम आम्ही पहिल्याच स्क्रीनवर ठेवलंय. बिरवाडीच्या पीएचसीत काम करताना विंचूदंशाचे पेशंट बघून त्यांनी जे टिपलं ते लॅन्सेटमध्ये छापून आलं, प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधानं विंचूदंशाचा उपचार बदलला, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. पीएचसीत जाणाऱ्या मुलांना वाटतं ज्ञान कॉलेजातून खाली येतं, इथे ते पीएचसीतून जगभर गेलंय आणि तेही आपल्याच रायगड जिल्ह्यातून.

आता नवीन भागाचं काम चाललंय आणि तो शिकणाऱ्यांनीच मागितलाय. सिंधुदुर्गातल्या एका इंटर्ननं मॉड्यूल संपवल्यावर विचारलं, चापडा (पिट व्हायपर जातीचा विषारी साप) चावला तर? आपलं एएसव्ही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांच्या विषावर बनतं, चापड्यावर ते भरवशाचं नाही, आणि कोकणात काजूच्या बागेत चापडा चावतोच. तिथे सूज टेपनं मोजत राहणं, वेदना कमी करणं, रक्त गोठतंय का हे बघत राहणं, आणि उगाच व्हायलमागून व्हायल न देणं हे शिकवावं लागेल. सर्जरीच्या सरांनी टेपनं सूज मोजण्याचा व्हिडिओ करून दिलाय, फॉरेन्सिकचे सर प्रसंग लिहितायत. बाँडची नवी बॅच पावसाआधी पीएचसीत रुजू होते, त्याआधी हा भाग वर चढवायचाय.